बडोद्यात बसून ल्यूट शिकायचंय, वेड्यात काढू नका

दांडियाबाजारवाला

नमस्कार मंडळी. इथे बहुतेक सगळे सतार-तबला-पेटीवाले दिसतात, पण मराठीत दुसरीकडे कुठे विचारणार म्हणून ल्यूटचं, म्हणजे युरोपातल्या जुन्या तंतुवाद्याचं, इथेच विचारतो. मी बडोद्याचा, घर दांडिया बाजारात, नोकरी मकरपुऱ्याला. क्लासिकल गिटार पंधरा वर्षं वाजवतोय, त्यातली चार वर्षं नीट शिकून आणि बाकीची आपली आपणच. नवरात्रात एका गरबा ग्रुपमध्ये नऊ रात्री इलेक्ट्रिक घेऊन उभा असतो, संगीतातून मिळणारे पैसे म्हणजे तेवढेच, आणि तेही दिवाळीच्या आत संपतात.

तर गेल्या पावसाळ्यात एका रात्री लाइट गेले, इन्व्हर्टरनेही मान टाकली, मी गॅलरीत फोन घेऊन पडलो होतो तर युट्यूबवर आपोआप एक पीस लागला. फ्रान्चेस्को दा मिलानो, कान्झोना, ल्यूटवर. दीड वाजेपर्यंत तेच फिरवून फिरवून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून ल्यूटच्या किमती बघायला लागलो. आता वर्ष होत आलं तरी वेड उतरत नाहीये, बायको म्हणते एकदाचं घे नाहीतर विषय तरी बंद कर.

ऑनलाइन स्वस्तातली मिळतात ती घ्यावी का? आपल्याकडच्या दमट हवेत टिकेल का, बिघडलं तर बडोद्यात हात कोण लावणार? गिटारसाठी उजव्या हाताची नखं वाढवलीत ती चालतात का? वाजवायचं काय, म्हणजे डाउलंड आणि बाख हे दोन संगीतकार सोडून पुढे काही आहे का, की दहा पीस वाजवले की संपलं? आणि एक नुसतं कुतूहल, ही माणसं जगतात कशावर हो?

सहा_जोड्या

दादा मी इंदूरचा, आणि तुम्ही जी चूक करणार आहात ती मी करून बसलोय त्यामुळे आधी मी बोलतो.

ऑनलाइन स्वस्तातलं घेतलं. फोटोत इतकं देखणं होतं की विचारू नका, पाठीला शिसवीच्या पट्ट्या, मधे नक्षीची जाळी, सगळं. हातात घेतलं तर धोंडा. खरं ल्यूट किलोभराच्या आत असतं, पाठीच्या पट्ट्या दीड मिलिमीटरच्या आसपास, पुढची फळीसुद्धा तेवढीच पातळ, उचललं की रिकामं खोकं उचलल्यासारखं वाटतं. माझं पाट उचलल्यासारखं वाटायचं. आवाज पण पाटाचाच. तारा फ्रेटपासून, म्हणजे दांडीवरच्या पडद्यांपासून, इतक्या वर की डाव्या हाताची बोटं रात्री गरम पाण्यात बुडवून बसायचो. पंधरा खुंट्या आणि त्यातल्या निम्म्या फिरायच्याच नाहीत, उरलेल्या थांबायच्याच नाहीत. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणाला सर हँडमेड आहे.

मग मे महिन्यात उज्जैनला मित्राकडे नेलं, जेवायला थांबलो तेव्हा गाडीतच राहिलं. तासाभराने परत आलो तर ब्रिज निघून तारांना लटकत होता. गाडीतल्या भट्टीत डिंकाने हात टेकले. यात त्या वाद्याचा दोष नाही हे मान्य, अस्सल ल्यूट तर सरसाने चिकटवलेलं असतं, तेही सुटू शकलं असतं. पण तेव्हा मी रस्त्यात उभा राहून त्याला जे काही बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

आता फुकटची युक्ती सांगतो, ती मला आधी कोणी सांगितली असती तर पैसे वाचले असते. गिटारची तिसरी तार जी ची एफ-शार्प करा, म्हणजे अर्धा सूर खाली. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. झालं, रेनेसान्स ल्यूटचं ट्यूनिंग तयार, खालून वर जी सी एफ ए डी जी. तारांच्या सहा जोड्या असलेल्या ल्यूटचं जवळजवळ सगळं संगीत, म्हणजे सोळाव्या शतकाचा बराच मोठा भाग, आहे तसा टॅबवरून, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणाऱ्या लिखाणावरून, वाजतो. सहा महिने हे करा, वेड टिकलं तर पैसे घाला.

आणि हो, टॅब शिकायला लागेल. फ्रेंच पद्धतीत आकड्यांऐवजी अक्षरं असतात, ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला फ्रेट. वरची रेघ म्हणजे वरची तार, आपल्या गिटार टॅबसारखंच. इटालियन पद्धतीत आकडे असतात पण सगळं उलटं, खालची रेघ ही सर्वात बारीक तार. पहिल्यांदा मी ते न कळता सुलटं वाजवलं आणि आठवडाभर वाटत होतं की काय मॉडर्न लिहायचे हे लोक.

थिऑर्बोताई

मी मूळची रावपुऱ्यातली, आता बारा वर्षं जर्मनीत. ल्यूट आणि थिऑर्बो वाजवते, पोट त्याच्यावरच आहे म्हणून शेवटच्या प्रश्नाला मीच उत्तर देते. पण आधी एक वाईट बातमी.

ते कान्झोना फ्रान्चेस्कोचं नाही. ते लेनिनग्राडचे गिटारवादक व्लादिमिर वाविलोव यांनी स्वतः रचलेलं आहे. १९७० साली मेलोडिया या सोव्हिएत कंपनीने त्यांची ल्यूट संगीताची रेकॉर्ड काढली, त्यावर सोळाव्या-सतराव्या शतकातल्या संगीतकारांची नावं होती आणि बऱ्याचशा रचना त्यांच्याच. जुना इटालियन संगीतकार काचीनी याचं म्हणून जे आवे मारिया सगळीकडे गातात तेही त्यांचंच. तीन वर्षांनी ते गेले. वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्या ओळखीतले निम्मे ल्यूटवाले असल्याच कुठल्यातरी चुकीच्या दरवाजाने आत आलेत.

आता खरा फ्रान्चेस्को ऐक. १४९७ ते १५४३, पोपच्या दरबारात नोकरी, लोक त्याला इल दिव्हिनो म्हणायचे. शंभराहून जास्त रिचेरकार आणि फँटासिया आहेत, बहुतेक दोन-तीन मिनिटांच्या. एक छोटा सुरावटीचा तुकडा घेतो, तो एका आवाजात येतो, मग खालच्या आवाजात, मग दोन्ही एकमेकांना ओलांडून जातात. कान्झोनासारखं पहिल्या झटक्यात रडवत नाही. चौथ्यांदा ऐकल्यावर कळायला लागतं.

दहा पिसात संपेल का विचारतोस. अरे, व्हेनिसला पेत्रुच्चीने ल्यूटची पहिली छापील पुस्तकं काढली १५०७ ला, आणि जर्मन ल्यूटवादक वाइस गेला १७५० मध्ये. अडीचशे वर्षं. एकट्या वाइसचे सहाशेच्या वर पीस आहेत. डाउलंडचे नुसत्या ल्यूटचे नव्वदच्या आसपास, शिवाय गाणी, त्यातलं पहिलं पुस्तक १५९७ चं, म्हणजे इकडे अकबर गादीवर होता. स्पेनमधे विहुएला नावाचं वाद्य, त्याचं ट्यूनिंग तेच, त्यासाठी लुईस मिलानचं पुस्तक १५३६ चं. त्याच वर्षी न्यूरेम्बर्गला नॉइझिडलरने शिकाऊ लोकांसाठी सोपे पीस छापले, तू तिथूनच सुरू कर. जुन्या पुस्तकांचे फोटो आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट आहेत. बाखच्या नादी लवकर लागू नकोस, त्याच्या ल्यूटच्या म्हणून ज्या रचना आहेत त्या ल्यूटवर बसवताना तेरा जोड्यांचं बरोक, म्हणजे नंतरच्या काळातलं, ल्यूट घेऊनही लोक घाम गाळतात, गिटारवर उलट सोप्या जातात.

नखं काप. गिटारवाल्यांना हे सांगितलं की चेहरा पडतो पण खरंच काप. तारा जोडीने असतात आणि नखाने त्या दोन्ही एकदम नीट सापडत नाहीत, टकटक आवाज येतो. बोटाचं मांस दोन्ही तारांवर टेकवायचं, थोडं दाबायचं आणि सोडायचं. करंगळी पुढच्या फळीवर टेकलेली, अंगठा बोटांच्या आत, तळहाताच्या बाजूला. हा अंगठा आत का जातो तर पंधराव्या शतकापर्यंत ल्यूट पिसाच्या कलमाने वाजवायचे, अरबी उद हे वाद्य वाजवणारे अजून तसंच वाजवतात, नंतर कलम गेलं आणि हात तसाच राहिला. तू गरब्यात पिकने वाजवत असशील तर मनगटाची ती हालचाल तुझ्याकडे आहेच. तारांवर ताण पण गिटारच्या निम्मा असतो, तीन-साडेतीन किलो, जोर लावलास तर आवाज वाढत नाही, फाटतो.

आता पोटाचं. एकट्याने स्टेजवर बसून डाउलंड वाजवून जगणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी आम्ही सगळे साथ करतो. खालच्या सुरांची ओळ लिहिलेली असते, त्यावर आकडे, आणि त्यावरून कॉर्ड्स जागच्या जागी भरायच्या, गायकाच्या श्वासाबरोबर. आपल्याकडच्या पेटीवाल्यांना हे एका मिनिटात कळेल. माँतेव्हेर्दीच्या १६०७ च्या ऑर्फेओपासून पुढची सगळी जुनी ऑपेरा यावर चालते. त्याला लागतो थिऑर्बो, म्हणजे ल्यूटचा ताडमाड भाऊ, माझा जवळजवळ दोन मीटरचा आहे. ट्राममधे लोक विचारतात हे काय, मी जिराफ सांगते. विमानात त्याची सीट काढायची की पेटीत घालून देवाच्या भरवशावर खाली द्यायचा यावर दर वेळी आयोजकाशी भांडण. ईस्टरच्या आधी पॅशनचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या दिवसांवरच्या संगीताचा, सीझन, डिसेंबरात ख्रिसमसचा, म्हणजे तुझी नवरात्रच की. बाकीच्या महिन्यात शिकवण्या.

आणि नोकरीचं रडगाणं जुनंच आहे. डाउलंडला १५९४ मधे इंग्लंडच्या दरबारात जागा नाकारली, तो १५९८ ला डेन्मार्कच्या राजाकडे गेला, तिथून १६०६ ला काढला, इंग्लंडात शेवटी १६१२ ला घेतला. म्हणजे जगातलं सर्वात रडकं ल्यूट संगीत उगाच नाही लिहिलं त्याने. वाइसचं बरं होतं, ड्रेस्डेनला चांगला पगार, पण १७२२ मधे एका फ्रेंच व्हायोलिनवाल्याने त्याच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला, पेर तुटायची वेळ आली होती. सहकलाकार.

मिरजेचा_जावई

मी पण बडोद्यातच, सतार वाजवतो, सासुरवाडी मिरजेची असल्यामुळे वाद्य दुरुस्तीचं ज्ञान हुंड्यात मिळालंय असं मित्र म्हणतात. ल्यूट आयुष्यात एकदाच हातात घेतलंय, एका परदेशी पाहुण्याचं, पण ते बघून मला हसू आलं कारण सगळे आजार ओळखीचे.

खुंट्या लाकडाच्या, लाकडाच्या भोकात. पावसाळ्यात फुगून अडकतात, मार्च-एप्रिलमधे सुकून सटकतात. यावर आपला इलाज खडू. अडकत असेल तर कोरडा साबण आणि सटकत असेल तर खडू, दोन्ही थोडं थोडं. पाहुण्याने पण खिशातून हेच दोन तुकडे काढले. फिरवताना आत दाबत फिरवायची हे वेगळं सांगत नाही.

फ्रेट बांधलेले, आपल्या पडद्यांसारखेच सरकणारे, फक्त पितळी सळई नसते, नुसती तातच दांडीला गुंडाळून गाठ मारतात. गाठीची टोकं काडीने जाळतात म्हणजे तिथे मणी होतो आणि गाठ सुटत नाही. खालचे आठेक असे बांधलेले, वरचे लाकडाचे छोटे तुकडे फळीवरच चिकटवलेले. बडोद्यात हात कोण लावणार म्हणताय, सतारीचे पडदे बांधणारा कोणीही चांगला कारागीर हे बघून घाबरणार नाही. मात्र फळीला आणि पाठीला हात लावू देऊ नका, आपल्याकडच्या तबलीच्या मानाने ते कागद आहे.

तारांचं म्हणाल तर जुन्या काळी आतड्याच्याच, आपल्या सारंगीला असतात तशा. बडोद्याच्या ऑगस्टमधे आतड्याची बारीक तार म्हणजे अर्धा तास लावा आणि पाच मिनिटं वाजवा. सिंथेटिकच घ्या.

आणि खरी गंमत पडदे सरकण्यात आहे. गिटारचा गंधार चढा असतो हे तुम्हाला कोणी सांगितलंय का? शुद्ध गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा, अर्ध्या सुराचे शंभर सेंट धरून. तानपुरा छान जुळला की खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो ना, त्या काळचे ल्यूटवाले फ्रेट सरकवून त्याच्या जवळ जायचे. त्यासाठी मग पहिल्या फ्रेटवर पंचाईत होते, एका तारेला तिथे कोमल सूर हवा म्हणून फ्रेट वर पाहिजे, दुसरीला तीव्र हवा म्हणून खाली पाहिजे. पाहुण्याने त्यासाठी एकाच तारेखाली वेगळा इवलासा तुकडा चिकटवला होता. मी ते बघितलं आणि म्हटलं हा आपलाच माणूस.

ग्वाल्हेरकरकाका

एवढी यातायात कशासाठी हे कळलं नाही. तुमचं ल्यूट अरबांच्या उदवरून आलं, ल्यूट हे नावच अल-ऊद वरून, आणि इकडे काबूलकडचा रबाब आला त्याचा सरोद झाला. आमच्या गावात हाफिज अली खाँसाहेबांच्या घराचं आज सरोद घर झालंय, जाऊन बघा. रबाबाला तातीच्या तारा होत्या, त्यात मींड लांबत नव्हती, म्हणून आपल्या लोकांनी लोखंडी तारा आणि पत्र्याची पट्टी घातली. म्हणजे जे आपल्याला अपुरं वाटलं ते आपण सुधारलं. तुम्ही परत मागे जाताय. बडोद्यात तर सुरसागरासमोर गायनशाळा आहे, सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांना घेऊन काढलेली, तिथे जाऊन काही आपलं शिका. तेही जमत नसेल तर इकडे या, तानसेनाच्या समाधीपाशी चिंचेचा पाला खाऊ घालतो, अक्कल नाही तरी गळा येईल.

थिऑर्बोताई

काका, नमस्कार. चिंचेचा पाला लहानपणी खाल्लाय, गळा काही आला नाही म्हणून तर तारा धरल्या. मींड लांबत नाही हे खरंच, पण या संगीताला ती नकोच आहे. एका हाताने तीन-चार आवाज वेगवेगळे चालवायचे असतात, त्यात एक सूर लगेच विझला तरच दुसऱ्याला जागा मिळते. मौलाबक्षांचं नाव काढलंत म्हणून सांगते, ते स्वतः नोटेशन लिहून काढणारे गृहस्थ, टॅब बघून रागावले नसते.

ग्वाल्हेरकरकाका

बरं. पण ट्यूनिंगचं काय, पंधरा पंधरा तारा?

थिऑर्बोताई

त्यावर हॅम्बर्गचा संगीतकार माटेसन १७१३ मधेच बोलून गेलाय, की ऐंशी वर्षांचा ल्यूटवाला दिसला तर समजा साठ वर्षं त्याने सूर लावण्यातच घालवली. आम्ही तीनशे वर्षं चिडतोय पण खोटं आहे असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणत नाही. माझ्या बरोक ल्यूटला चोवीस तारा आहेत काका.

दांडियाबाजारवाला

सगळ्यांचे आभार, तीन आठवडे उत्तर दिलं नाही कारण करून बघत होतो.

वाविलोवचं वाचून एक दिवस खरंच मूड गेला होता. मग म्हटलं जाऊ दे, पीस तर तोच आहे. नंतर खरा फ्रान्चेस्को लावला आणि ताई म्हणाली तसंच, तिसऱ्या वेळेपर्यंत काही नाही आणि मग एकदम.

एफ-शार्प आणि कॅपो केलं. नॉइझिडलर मिळाला पण त्याचं टॅब जर्मन पद्धतीचं निघालं, त्यात रेघाच नाहीत, प्रत्येक जागेला वेगळं चिन्ह, मी हात जोडले आणि कोणीतरी फ्रेंच टॅबमधे उतरवलेलं शोधलं. एक छोटा नाच आहे, सोळा-वीस मापांचा, तो बसवला. नखं अजून कापली नव्हती, बोट आडवं करून भागवत होतो. मग परवा रात्री मिरजेच्या जावयांचं वाचून फोनवर तानपुरा लावला, सूर चौथ्या तारेचा, आणि तिसरी तार ट्यूनरकडे न बघता कानाने त्याच्या गंधाराला लावली. चौथी आणि तिसरी मोकळी एकदम छेडली. बापरे. पंधरा वर्षं हातात गिटार आहे आणि त्यातून असा आवाज कधी आला नव्हता, दोन तारा हलायच्या थांबल्यासारख्या वाटल्या. बायको आतून म्हणाली काय वाजवलंस. म्हटलं काही नाही, दोन तारा.

पण मग नाच वाजवायला घेतला तर बेसूर! त्याच तिसऱ्या तारेवर कॅपोपासून तिसऱ्या फ्रेटचा सूर पाचव्या मोकळ्या तारेशी भांडतोय. माझं काही चुकतंय का?

मिरजेचा_जावई

काही चुकत नाहीये, तार तुम्ही उतरवलीत म्हणजे तिच्यावरचे सगळेच सूर उतरले, आणि गिटारचे फ्रेट ठोकलेले. ते सरकवता आले असते तर तो एक बघून घेतला असता. आता कळलं ना ते लोक तात का बांधतात?

सहा_जोड्या

दादा झालं तुमचं. आता पैसे जाणार. एवढंच सांगतो, चांगल्या कारागिराकडे नंबर लावावा लागतो, महिनोन् महिने कधी वर्षाच्या वर, त्यामुळे ऑर्डर देताना वेड टिकाऊ असल्याची खात्री करा. पहिलं आठ जोड्यांपेक्षा मोठं घेऊ नका. तारेची लांबी साठ सेंटिमीटरच्या आसपास. आणि मे महिन्यात गाडीत ठेवू नका.

दांडियाबाजारवाला

नखांचं एवढं सांगा ताई, नवरात्र पंधरा दिवसांवर आहे, आता कापू की नंतर?

थिऑर्बोताई

गरब्यात पिकने वाजवतोस ना? मग थांबतोस कशासाठी?

मिरजेचा_जावई

रविवारी सकाळी गिटार घेऊन सुरसागरच्या पाळीवर या, मी सतार आणतो, पडदे कसे बांधतात ते हाताने करून बघा. नंतर सेव उसळ खाऊ, ती तुमच्याकडून. खडू माझ्याकडे आहे.

ग्वाल्हेरकरकाका

रेकॉर्डिंग टाका.